'मागे' आणि त्याचे सगोत्र : मराठीतील पृष्ठवाचक शब्दांच्या अर्थच्छटा (बीड जिल्ह्यातील बोलीच्या विशेष संदर्भात)

'तो मागे आला होता' आणि 'तो मागून आला' ही दोन वाक्ये मराठी भाषकाला मुळीच अवघड वाटत नाहीत. परंतु ती शेजारी ठेवून पाहिली, की एक विसंगती लक्षात येते. पहिल्या वाक्यातील येणे भूतकाळात घडून गेलेले आहे. दुसऱ्या वाक्यातील येणे इतरांच्या येण्यानंतरचे आहे. म्हणजे एकाच 'माग' या शब्दापासून सिद्ध झालेली दोन रूपे काळाच्या संदर्भात परस्परविरुद्ध दिशा दाखवितात. 'मागे' म्हणजे आधी आणि 'मागून' म्हणजे नंतर, हे कसे?

पारंपरिक व्याकरणाने 'मागे' या शब्दाची नोंद क्रियाविशेषण अव्यय आणि शब्दयोगी अव्यय अशा दोन्ही ठिकाणी केली आहे आणि त्याचे स्थलवाचक व कालवाचक असे प्रकारही दिले आहेत. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) या ग्रंथापासून आजच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत ही विभागणी चालत आली आहे. ती चुकीची नाही. मात्र या प्रकारांमधील नाते ती उलगडून दाखवीत नाही. प्रस्तुत लेखात मागे, पाठीमागे, मागून, मागाहून, पाठोपाठ, आड, पलीकडे, माघारी, पश्चात, पिछाडी आणि मागास या शब्दांच्या अर्थच्छटांचा विचार केला आहे. यातील काही भेद बीड जिल्ह्याच्या लोकजीवनात विशेष स्पष्टपणे दिसतात. म्हणून उदाहरणांसाठी त्या परिसराचा आधार घेतला आहे.

१. वाट आणि शरीर : दोन उगम

पृष्ठवाचक मराठी शब्दांची दोन प्रमुख कुळे आहेत. पहिले कूळ 'माग' या शब्दाचे. संस्कृत 'मार्ग', प्राकृत 'मग्ग', मराठी 'माग' अशी ही परंपरा आहे. चोराचा माग काढणे, जनावराचा माग लागणे, मागोवा घेणे या प्रयोगांत मूळचा 'वाट, पाऊलखूण' हा अर्थ आजही जिवंत आहे. 'मागे' हे त्याचेच अधिकरणदर्शक रूप असून त्याचा शब्दशः अर्थ 'वाटेवर, पाऊलखुणेवर' असा होतो. हा अर्थबदल मराठीच्याही आधीचा आहे. जैन आगमग्रंथांपैकी नंदीसूत्रात अवधिज्ञानाचे प्रकार सांगताना 'पुरओ' (पुढून) या शब्दाच्या जोडीला 'मग्गओ' (मागून) हा शब्द येतो. म्हणजे वाटेचा वाचक शब्द प्राकृतातच पाठीमागच्या दिशेचा वाचक बनला होता.

दुसरे कूळ 'पाठ' या शब्दाचे. संस्कृत 'पृष्ठ' या अवयववाचक शब्दापासून आलेली ही स्त्रीलिंगी 'पाठ' होय; धडा या अर्थाचा पुल्लिंगी 'पाठ' निराळा. पाठीमागे, पाठीशी, पाठोपाठ, पाठलाग, पाठपुरावा, पाठराखण हे सारे शब्द या कुळातील आहेत.

इंग्रजीतही असेच भिन्न उगम दिसतात. तेथील 'बॅक' हा शब्द मुळात शरीराची पाठच दर्शवितो, तर 'आफ्टर' हा शब्द 'अधिक दूर, अधिक मागे' अशा स्थलवाचक अर्थाकडून काळाकडे सरकला. आजच्या इंग्रजीत स्थिर उभे असण्यासाठी 'बिहाइंड' आणि पाठलाग करण्यासाठी 'आफ्टर' असा भेद केला जातो. मराठीत 'तो झाडामागे उभा आहे' आणि 'तो चोरामागे धावला' या दोन्ही ठिकाणी 'मागे' हाच शब्द चालतो. त्यामुळे मराठीत अर्थभेद नाही, असे कोणी समजू नये. इंग्रजीने जो भेद शब्द बदलून केला, तो मराठीने क्रियापदावर सोपविला. आणि इंग्रजीत एकाच शब्दाखाली राहिलेले कित्येक भेद मराठीने शब्द बदलून केले.

२. पाठ कोणाला असते?

'मागे' आणि 'पाठीमागे' हे शब्द अनेकदा एकमेकांच्या जागी येतात. तरीही त्यांच्या मर्यादा समान नाहीत. माणसाला, जनावराला, घराला, देवळाला स्वतःची अशी पुढची बाजू असते. मारुतीच्या देवळाचे दार ज्या दिशेला, ती त्याची पुढची बाजू. बोलणारा कोठेही उभा असो, 'देवळाच्या पाठीमागे' म्हणजे दाराच्या विरुद्ध बाजूस. झाडाला किंवा दगडाला अशी बाजू नसते. 'झाडामागे' म्हणजे पाहणाऱ्याच्या दृष्टीने झाडाच्या पलीकडल्या बाजूस. पाहणारा फिरला, की झाडाचे 'मागे'ही फिरते. हा संकेत सर्वत्र सारखा नाही. आफ्रिकेतील हौसा भाषेत अशा वस्तूंची तोंडे पाहणाऱ्याच्या दिशेने नसून पाहणारा ज्या दिशेला पाहतो त्याच दिशेला आहेत, असे मानण्याची रीत आढळते. साहजिकच आपण जिला 'मागची' म्हणू ती वस्तू तेथे 'पुढची' ठरते.

'पाठीमागे' या शब्दाची मूळ अपेक्षा पाठ असलेल्या वस्तूची आहे. आज 'डोंगराच्या पाठीमागे' असेही सहज म्हटले जाते. म्हणजे ही अपेक्षा बरीच सैल झाली आहे. तथापि लाक्षणिक प्रयोगांत ती टिकून आहे. 'एखाद्याच्या पाठीमागे बोलणे' म्हणजे त्याच्या नकळत बोलणे, कारण पाठीला डोळे नसतात. 'पाठीशी असणे' यात मात्र नेमका उलटा भाव आहे. ज्या बाजूने माणूस असुरक्षित, त्या बाजूला आधार देऊन उभे राहणे, असा त्याचा अर्थ. एकाच अवयवातून निंदा आणि आधार या दोन्ही छटा निघतात. पुढच्या प्रत्ययाने किंवा शब्दाने त्यांतील एक निश्चित होते.

नात्यांच्या भाषेत 'पाठ' जन्मक्रम दाखविते. 'पाठची बहीण', 'पाठचा भाऊ', 'तिच्या पाठीवर झालेला मुलगा' या प्रयोगांत पाठच्या अपत्याचा जन्म नंतरचा असतो. येथे 'मागची बहीण' असे म्हणता येत नाही. सख्ख्या रक्ताचे सातत्य सांगायचे असेल, तेव्हा भाषा वाटेचा शब्द बाजूला ठेवून शरीराचा शब्द वापरते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

३. मागे, आड आणि पलीकडे

'सूर्य बालाघाटाच्या डोंगरामागे गेला', 'डोंगराआड गेला' आणि 'डोंगरापलीकडे गेला' या तीन वाक्यांतील घटना एकच आहे. पण प्रत्येक वाक्याचा भर वेगळा आहे. 'मागे' केवळ स्थान सांगतो. 'आड' दृष्टीला झालेला अडथळा सांगतो. 'पलीकडे' सीमा ओलांडल्याचे सांगतो. यामुळेच 'आड' शब्दाला पाहणारा अपरिहार्य असतो, तर 'पलीकडे' शब्दाला अलीकडची बाजू अपरिहार्य असते.

हा भेद लाक्षणिक अर्थात अधिक ठळक होतो. 'पडद्यामागचा सूत्रधार' अदृश्य असला तरी कार्यरत असतो. 'काळाच्या पडद्याआड' गेलेला माणूस मात्र पुन्हा दिसणार नसतो. पडदा तोच, 'मागे' म्हटल्याने पलीकडच्या बाजूस हालचाल उरते आणि 'आड' म्हटल्याने ती दृष्टीपुरती संपते. 'या घटनेमागे कोणाचा हात आहे?', 'त्यामागचा हेतू काय?' अशा प्रयोगांत 'मागे' कारणवाचक होतो, तो याच छटेमुळे. 'आड' कारणवाचक होत नाही; तो 'आड येणे', 'आडकाठी' अशा प्रयोगांतून अडथळ्याकडेच जातो.

'पिछाडी' हा हिंदीच्या संपर्कातून रुळलेला शब्द या गटात निराळा उभा आहे. तो 'आघाडी'शिवाय कळत नाही. सैन्याची पिछाडी सांभाळणे, घोड्याच्या मागील पायांना बांधण्याची दोरी, आणि आजच्या वृत्तपत्रांतील 'उमेदवार पिछाडीवर' या साऱ्यांत एखाद्या रांगेचे वा देहाचे मागचे टोक अभिप्रेत असते. घराला 'पिछाडी' असते, झाडाला नसते.

४. काळ : प्रवासी आणि रांग

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. काळाची कल्पना मराठी भाषक दोन प्रकारे करतो. पहिल्या कल्पनेत बोलणारा स्वतः वाटसरू आहे. चालून झालेली वाट त्याच्या मागे, चालायची वाट पुढे. 'मागे एकदा', 'मागचा आठवडा', 'मागल्या साली', 'पुढे पाहू', 'पुढचा महिना' हे सर्व प्रयोग या कल्पनेतील आहेत. दुसऱ्या कल्पनेत घटनांची एक रांग चालली आहे. जी घटना आधी घडली ती रांगेत पुढे, जी नंतर घडली ती तिच्या मागे. 'मागून', 'मागाहून', 'मागोमाग', 'पाठोपाठ' हे शब्द रांगेच्या कल्पनेतील आहेत. 'वडील आधी आले, मुलगा मागाहून आला' या वाक्यात बोलणाऱ्याचे 'आता' महत्त्वाचे नसून वडील आणि मुलगा यांचा परस्परक्रम महत्त्वाचा आहे.

म्हणून 'मागे' आणि 'मागून' यांत खरा विरोध नाही. दोहोंचे मोजमाप वेगवेगळ्या बिंदूंपासून होते. पहिल्यात मापाचा बिंदू बोलणारा आहे, दुसऱ्यात रांगेतील आधीची घटना आहे. 'मागे' शब्दाला आश्रय देणारे नाम आले, की तोही रांगेत जाऊन बसतो. जसे, 'त्याच्यामागे मी आलो'. मात्र आश्रयाला येणारे नाम जर काळाचे परिमाण असेल तर बोलणाराच पुन्हा मापाचा बिंदू होतो. 'दोन वर्षांमागे' म्हणजे दोन वर्षांच्या नंतर नव्हे. आजपासून दोन वर्षांचे अंतर मागे चालून गेल्यावर.

याच ठिकाणी एक बोलका पुरावा मिळतो. 'दोन वर्षांमागे' आणि 'दोन वर्षांपूर्वी' हे प्रयोग समानार्थी आहेत. परंतु 'पूर्व' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ 'पुढचा' असा आहे. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहिल्यावर समोर येते ती पूर्व, पाठीमागे राहते ती पश्चिम आणि उजव्या हाताला येते ती दक्षिण. संस्कृतात जे पुढे ते आधीचे आणि जे 'पश्चात्' म्हणजे मागे ते नंतरचे, असा रांगेचा हिशेब आहे. मराठीने तत्सम शब्दांबरोबर तो हिशेब स्वीकारला आणि स्वतःच्या तद्भव शब्दांत वाटसरूचा हिशेबही ठेवला. परिणामी 'मागे' आणि 'पूर्वी' हे मुळात विरुद्ध दिशांचे शब्द एका अर्थी येऊन मिळाले.

प्राचीन मराठीच्या वाचनात ही जाण विशेष उपयोगी पडते. ज्ञानेश्वरीत 'मागां' हा शब्द आधी सांगितलेल्या विषयाकडे निर्देश करतो, तर 'पाठीं' हा शब्द पुष्कळदा 'त्यानंतर' या अर्थाने येतो. आजच्या वाचकाला हे दोन्ही शब्द एकाच दिशेचे वाटतात आणि 'पाठीं' या शब्दाचा अर्थ लावताना तो अडखळतो. 'मागां' वाटसरूचा आणि 'पाठीं' रांगेचा, एवढे ध्यानात घेतले की अन्वय सुटतो. तसेच 'मागुती' हा शब्द 'परत' आणि 'पुन्हा' अशा दोन्ही अर्थांनी येतो. मागे वळणे आणि तीच क्रिया दुसऱ्यांदा करणे यांतील हे सख्य आजच्या 'परत' व 'फिरून' या शब्दांतही टिकून आहे.

भविष्य समोर आणि भूत पाठीमागे ही वाटसरूची कल्पना अटळ आहे, असेही नाही. दक्षिण अमेरिकेतील आयमारा भाषकांच्या भाषेत व हातवाऱ्यांत भूतकाळ समोर आणि भविष्यकाळ पाठीमागे असतो, हे राफाएल नुन्येस व ईव्ह स्वीट्सर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले आहे. जे घडून गेले ते दिसते, जे यावयाचे ते दिसत नाही, असा त्यामागील तर्क आहे. मराठीतील 'आड' हा शब्द या तर्काला जवळचा आहे. भविष्याला 'काळाच्या आड' दडलेले म्हणणे मराठी मनालाही परके वाटत नाही.

५. माघारी, मागे, पश्चात

बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी, परततात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोच्या जोडीने 'कोयता' म्हणून काम करायचे आणि घर, म्हातारी माणसे व पुष्कळदा शाळकरी मुले गावी ठेवायची, ही या जीवनाची घडी आहे. या घडीत अनुपस्थितीचे शब्द नेमके असावे लागतात.

'त्याच्या माघारी म्हातारीनं घर सांभाळलं' या वाक्यातील माणूस जिवंत आहे, दूर आहे आणि परतणार आहे. 'माघारी' हाच शब्द 'तो माघारी आला' या वाक्यात परतण्याचा वाचक होतो. अनुपस्थिती आणि परतणे हे दोन अर्थ एका शब्दात राहतात, याचे कारण दोहोंत एकच जागा अभिप्रेत आहे : निघताना सोडलेले घर. जो गेला त्याच्या दृष्टीने ते घर मागे आहे. तेथे राहणे म्हणजे त्याच्या माघारी राहणे आणि तेथे येणे म्हणजे माघारी येणे.

'त्याच्या मागे म्हातारीनं घर सांभाळलं' असे म्हटल्यास मात्र अर्थ संदिग्ध होतो. तो कामावर गेला आहे की हे जग सोडून गेला आहे, हे संदर्भाने ठरवावे लागते. 'त्याच्या पश्चात' असे म्हटले की संदिग्धता संपते. संस्कृतात 'पश्चात्' केवळ 'मागे, नंतर' एवढेच सांगत होता. मराठीत माणसाच्या संदर्भात तो मृत्यूशी जोडला गेला. वृत्तपत्रातील निधनवार्तेत 'त्यांच्या पश्चात पत्नी व दोन मुले असा परिवार आहे' असे वाक्य येते, 'माघारी' कधी येत नाही. अशा रीतीने माघारी, मागे, पश्चात अशी एक चढती श्रेणी तयार होते. पहिल्यात परतण्याची खात्री, दुसऱ्यात अनिश्चितता आणि तिसऱ्यात न परतण्याची खात्री.

प्रमाण मराठीत 'माघारी' नाही असे नाही. परंतु लेखनात त्याची जागा 'अनुपस्थितीत' किंवा 'गैरहजेरीत' या शब्दांनी घेतली आहे. हे शब्द हजेरीपत्रकाचे आहेत. ते न असणे सांगतात, परतणे सांगत नाहीत. विद्यार्थ्याच्या निबंधातील 'माघारी' खोडून तेथे 'अनुपस्थितीत' लिहिणारा शिक्षक शुद्धलेखन सुधारतो, असे वाटते. प्रत्यक्षात त्या वाक्यातून एक आश्वासन निघून जाते.

६. टनामागे

'मागे' या शब्दाची एक छटा व्याकरणाच्या दृष्टीने फार स्पष्ट आहे. 'माणसामागे दहा रुपये', 'शेकड्यामागे पाच', 'टनामागे मजुरी' या प्रयोगांत 'मागे' म्हणजे 'प्रत्येकी, दर'. हा अर्थ शब्दयोगी अव्यय नामाच्या सामान्यरूपाला थेट जोडले असतानाच मिळतो. मध्ये '-च्या' आला की तो नाहीसा होतो. 'टनामागे' हा दर आहे. 'टनाच्या मागे' असे म्हटले तर कोणी तरी उसाच्या ढिगामागे उभे आहे, असे चित्र उभे राहील. 'माणसामागे' आणि 'माणसाच्या मागे' यांतही हाच फरक आहे.

या अर्थाचा उगमही रांगेच्या कल्पनेत शोधता येतो. वजनकाट्यावरून एकेक टन पुढे सरकतो आणि प्रत्येकाच्या मागोमाग ठरलेली रक्कम हिशेबात जमा होते. 'पाठीमागे', 'पाठोपाठ' यांना हा अर्थ नाही. 'पाठोपाठ' क्रम सांगतो. प्रमाण सांगत नाही.

७. मागे, मागास आणि अनुशेष

शेतीच्या भाषेत 'मागास' हा शब्द 'आगाप' या शब्दाच्या विरुद्ध येतो. आगाप पेरणी म्हणजे लवकरची, मागास पेरणी म्हणजे उशिराची. येथे 'मागास' पिकाचा दोष सांगत नाही. पाऊस उशिरा आला म्हणून पेरणी उशिरा झाली, एवढाच त्याचा अर्थ. हाच शब्द माणसांना व प्रदेशांना लागला तेव्हा वेळेचा अर्थ जाऊन प्रतीचा अर्थ आला. 'मागास भाग', 'मागासलेला मराठवाडा' अशा प्रयोगांत रांगेची कल्पना आहे. पण ही रांग कोणी लावली, पुढचे पुढे कसे गेले, हे शब्द सांगत नाही.

मराठीची क्रियापदे मात्र ते सांगू शकतात. 'मागे पडला' यात कर्ता स्वतःच मागे पडतो. 'मागे राहिला' यात इतर पुढे गेल्याची सूचना आहे. 'मागे टाकले' यात दुसऱ्याच्या वेगाची आणि 'मागे ठेवले' यात दुसऱ्याच्या हेतूची नोंद आहे. 'मागास' हे विशेषण हे चारही भेद गिळून टाकते. महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोलाच्या अभ्यासासाठी वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये नेमलेल्या समितीमुळे 'अनुशेष' हा शब्द सार्वजनिक चर्चेत रुजला. 'अनु' म्हणजे मागून आणि 'शेष' म्हणजे उरलेले. हाही पृष्ठवाचक शब्दच आहे. परंतु 'मागास' जेथे प्रदेशाचा स्वभाव सांगतो, तेथे 'अनुशेष' कोणाचे तरी देणे उरले आहे असे सांगतो. एकाच वस्तुस्थितीकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत आणि त्यांतील निवड शब्दाच्या निवडीतच होऊन जाते.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावोगावी हंगामी वसतिगृहे सुरू करण्यात आली, ती या मुलांचे शिक्षण अखंड चालावे म्हणून. गावात थांबलेली ही मुले आईबापांच्या 'माघारी' असतात. फडावर गेलेली मुले अभ्यासात 'मागे पडतात'. प्रशासकीय अहवालात दोघांसाठीही एकच विशेषण वापरले गेले, तर दोन निराळी दुःखे एक होऊन जातात.

८. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पृष्ठवाचक मराठी शब्द वाट आणि पाठ या दोन कुळांत विभागले जातात व त्यांच्या लाक्षणिक छटा मूळ अर्थाशी सुसंगत राहतात. काळाच्या संदर्भात दिसणारा 'मागे' व 'मागून' यांतील विरोध वाटसरू आणि रांग या दोन कल्पनांनी उलगडतो. तत्सम शब्दांनी त्यांतील रांगेच्या कल्पनेला बळ दिले. 'टनामागे' आणि 'टनाच्या मागे' यांसारख्या जोड्या दाखवितात की अर्थच्छटा केवळ शब्दकोशात नसून रूपरचनेतही असते. आणि 'माघारी' हा शब्द दाखवितो की बोलीत जपलेला भेद प्रमाण लेखनात हरवू शकतो.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक सोपी कसोटी हाती येते. या गटातील कोणताही शब्द शिकविताना विद्यार्थ्याला तीन प्रश्न विचारावेत : कोणाच्या मागे? कोण पाहतो आहे? आणि जो मागे आहे तो तेथे आला, राहिला की ठेवला गेला? पहिले दोन प्रश्न व्याकरणाचे आहेत. तिसरा प्रश्नही व्याकरणाचाच आहे. पण त्याचे उत्तर शोधताना विद्यार्थी वर्गाबाहेरच्या गावापर्यंत जाऊन पोहोचतो.